चाळीस टक्क्यांच्या अलीकडचे हक्क

नमस्कार. संयोजकांनी पत्रात ‘दिव्यांगांसाठीच्या सोयी-सवलती’ असा विषय लिहिला होता. सवलतींची यादी मी वाचून दाखवणार नाही. ती तुमच्यापैकी अनेकांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, आणि दर थोड्या दिवसांनी बदलतेही. मी वकिली करते. माझ्याकडे माणूस योजना हवी म्हणून क्वचितच येतो. बहुतेक वेळा त्याला कुणीतरी दारातून परत पाठवलेलं असतं. तेव्हा आज बोलायचं ते या परत पाठवण्याबद्दल.

येणाऱ्याचं पहिलं वाक्य बरेचदा ठरलेलं असतं. ‘मॅडम, मेडिकल बोर्डाने अपंगत्वाचे ३८च टक्के दिलेत. म्हणजे आता काही नाही ना?’ जणू परीक्षेत दोन मार्कांनी नापास झालाय, असा चेहरा.

हा समज आला कुठून? १९९५च्या कायद्यातून. त्या कायद्यात अपंग व्यक्तीची व्याख्याच अशी होती की निदान ४० टक्के अपंगत्व पाहिजे. ३९ असतील तर त्या कायद्याच्या लेखी तुम्ही अपंग नव्हतातच. पुढे भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला २००७ साली मान्यता दिली, आणि त्या कराराला धरून २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. जुन्या कायद्यात ७ प्रकार होते, नव्यात २१ आहेत. ऑटिझम, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन्स, ॲसिड हल्ल्यात जखमी झालेले, लेखन-वाचनाची विशिष्ट अध्ययन अक्षमता असलेली मुलं, हे सगळे त्यात आले. यादी वाढली हे वर्तमानपत्रांनी छापलं. पण मोठा बदल दुसराच होता, आणि तो कार्यालयांपर्यंत अजून पोचलेला नाही.

या कायद्याने दोन वेगवेगळ्या व्याख्या केल्या. एक ‘दिव्यांग व्यक्ती’, आणि दुसरी ‘लक्षणीय दिव्यांगत्व असलेली व्यक्ती’. चाळीस टक्क्यांची अट फक्त दुसरीला आहे. पहिलीत टक्केवारीचा आकडाच नाही. तिथे एवढंच म्हटलंय की दीर्घकाळची शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची उणीव आहे, आणि समोरच्या अडथळ्यांशी गाठ पडल्यावर त्या माणसाला इतरांच्या बरोबरीने वावरता येत नाही. म्हणजे अर्धी व्याख्या माणसाची आहे आणि अर्धी जिन्याची, काउंटरची, न वाचता येणाऱ्या फॉर्मची.

मग चाळीस कशाला लागतात? सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातल्या ५ टक्के जागा, ६ ते १८ वयातलं मोफत शिक्षण, जमीन आणि गरिबी निर्मूलनाच्या योजनांतला ५ टक्के वाटा. यांना लागतात, आणि बहुतेक सवलतींनाही लागतात. पण समानतेचा हक्क, भेदभावाविरुद्धचं संरक्षण, वाजवी सोय, छळापासून संरक्षण, न्यायालयात दाद मागणं, यातल्या एकालाही चाळीस लागत नाहीत. ३८वाला यातलं सगळं मागू शकतो.

हे माझं मत नाही. विकास कुमार नावाच्या उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके येत. टक्केवारी बसत नाही म्हणून केंद्रीय लोकसेवा आयोगाने त्याला लेखनिक, म्हणजे त्याच्या वतीने पेपर लिहिणारा माणूस, नाकारला. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लेखनिक ही वाजवी सोय आहे, आणि ती ४० टक्क्यांच्या चौकटीत कोंडता येणार नाही. माझ्या मते गेल्या काही वर्षांतला सर्वांत उपयोगी निकाल हाच. परीक्षा केंद्रावर लेखनिकासाठी भांडणाऱ्या प्रत्येक पालकाच्या पिशवीत त्याची प्रत असावी.

आता ही वाजवी सोय म्हणजे काय? या एका माणसाला, या एका ठिकाणी, बरोबरीने काम करता यावं म्हणून करायचा बदल. कमी दिसणाऱ्या लिपिकाला मोठा मॉनिटर आणि स्क्रीन वाचणारं सॉफ्टवेअर. कमी ऐकू येणाऱ्या विद्यार्थिनीला पुढचा बाक, आणि शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून न बोलणं. संधिवाताच्या बाईंना तळमजल्यावरचं टेबल. यातल्या निम्म्या गोष्टींना खर्चच नाही. संस्थेला नाही म्हणायला वाव आहे, पण तो एवढाच की आमच्यावर अवाजवी बोजा पडतो. तो पडतो हे तिने दाखवायचं. ‘आमच्याकडे तशी पद्धत नाही’ हे कारण कायद्यात नाही.

मात्र सोय मागावी लागते, आणि लेखी मागावी लागते. इथे आपली माणसं कमी पडतात. साहेबांना दोनदा तोंडी सांगितलं, ते बघतो म्हणाले, यावर वर्षं जातात. अर्जात तीनच गोष्टी हव्यात. मला काय त्रास आहे, त्यामुळे नेमकं कोणतं काम अडतं, आणि काय बदल केला तर ते होईल. ‘मला सहानुभूतीपूर्वक मदत मिळावी ही नम्र विनंती’ असं लिहू नका. ‘माझं टेबल पहिल्या मजल्यावरून तळमजल्यावरच्या आवक-जावक विभागात हलवावं’ असं लिहा. पहिल्या अर्जावर निर्णय द्यायची कुणावरच सक्ती वाटत नाही. दुसऱ्यावर हो किंवा नाही म्हणावंच लागतं. खाली कलम ३ आणि २०१६च्या कायद्याचा उल्लेख करा, आणि आपल्या प्रतीवर पोचेचा शिक्का व तारीख घ्या. आवक क्रमांक नसलेला अर्ज हा पुढे कोर्टात आमच्या काहीच कामाचा नसतो.

नोकरीतली आणखी एक गोष्ट सांगते, कारण त्यात माणसं घाईत स्वतःचं नुकसान करून घेतात. नोकरीत असताना अपघात झाला, पाय गेला किंवा नजर गेली. तुम्ही दवाखान्यात आहात, आणि कार्यालयातले सहकारी फळं घेऊन भेटायला येतात. सोबत एक टाइप केलेला कागद असतो. स्वेच्छानिवृत्तीचा. ‘सही करून टाका, पेन्शनचं लवकर होईल, मुलाला अनुकंपावर लावू.’ सांगणारे दुष्ट नसतात, त्यांना खरोखर तसंच वाटत असतं. पण कलम २० म्हणतं की नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याचं पद खाली आणता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं. तसं पद नसेल तर पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येपेक्षा जादा पदावर ठेवायचं. जुन्या कायद्यातही हे होतं. पाय गमावलेला कॉन्स्टेबल कुणाल सिंग याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ सालीच ही तरतूद बंधनकारक ठरवली होती. तेव्हा दवाखान्यातल्या कॉटवर कशावरही सही नको. खाजगी नोकरीत मात्र हे कलम थेट लागू होत नाही. तिथे भेदभाव आणि वाजवी सोय या मुद्द्यांवर लढावं लागतं, आणि ते अवघड जातं.

प्रमाणपत्राचं थोडक्यात सांगते. युडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा आणि तपासणीला बोर्डासमोर जायचं. टक्केवारी पटली नाही तर अपील करता येतं, हे बोर्डाच्या दारात कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. बनावट प्रमाणपत्रांच्या बातम्या गाजल्यापासून खऱ्या माणसांनाही पुन्हा पुन्हा तपासणीला उभं करतात. फसवून लाभ घेणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आहे, आणि ती व्हायलाच हवी. पण संशयाचं ओझं चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाने वाहायचं, हे मला मान्य नाही.

आणि टक्के म्हणजे कुवत नव्हे. ओंकार गोंड या आपल्याकडच्या विद्यार्थ्याचं वाचा आणि भाषेचं दिव्यांगत्व ४०च्या वर भरलं म्हणून त्याला एमबीबीएसला अपात्र ठरवलं होतं. गंमत बघा, आरक्षणाला ४० पाहिजेत आणि प्रवेशाला ४०च्या आत पाहिजेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसत्या आकड्यावरून अपात्र ठरवता येणार नाही, हा विद्यार्थी शिक्षण घेऊ शकतो का हे बोर्डाने तपासायचं.

इथे बऱ्याच आया बसल्या आहेत, म्हणून पालकत्वाबद्दल जरा सविस्तर बोलते. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याने आई-वडिलांचं पालकत्व संपतं. मूल बौद्धिक दिव्यांग असलं तरी संपतं. हे घरी कळत नाही, बँकेत कळतं. इतकी वर्षं आईच्या सहीने चाललेलं खातं एक दिवस थांबतं, आणि काउंटरवरचा मुलगा म्हणतो, ‘कायदेशीर पालकाचं प्रमाणपत्र आणा.’

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व या चौघांसाठी १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्यात जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक स्तर समिती असते. तिच्यात नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. तिच्याकडे अर्ज करून पालकत्व मिळतं, दिवाणी कोर्टात जावं लागत नाही. पण प्रमाणपत्र फाइलला लावलं की काम संपलं असं समजू नका. मुलाच्या मालमत्तेची यादी ६ महिन्यांत समितीला द्यायची असते, आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर ३ महिन्यांत हिशेब. ही अट आईला जाच वाटते. उद्या आई नसेल आणि पालक काका असतील, तेव्हा तीच अट त्या मुलाच्या वाट्याची जमीन वाचवेल.

आता याची उलट बाजू. सेरेब्रल पाल्सी असलेला पदवीधर मुलगा. बोलणं अस्पष्ट, सही वेडीवाकडी, डोकं आपल्यापेक्षा तल्लख. बँक म्हणते पालक आणा, आणि वडील कंटाळून पालकत्वाचा अर्ज माझ्यापुढे ठेवतात. मी तो भरून देत नाही. आज सोपं व्हावं म्हणून आपण त्या मुलाच्या हातून त्याचे व्यवहार काढून घेत असतो. २०१६च्या कायद्याच्या कलम १३प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला मालमत्ता बाळगण्याचा आणि आपला पैसा सांभाळण्याचा इतरांइतकाच हक्क आहे. मदतनीस ठेवता येतो, बदलता येतो, आणि ज्या व्यवहारात मदतनिसाचाच स्वार्थ आहे त्यातून त्याने बाजूला व्हायचं असतं. भाऊच मदतनीस आणि भाऊच खरेदीदार, असे दस्त मी पाहिलेत. चालत नाही ते. अंध खातेदारांच्या बाबतीत तर रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच बँकांना सांगितलंय की चेकबुक, एटीएम, नेटबँकिंग, लॉकर या सेवा नाकारायच्या नाहीत.

छळाबद्दल फार बोललं जात नाही, कारण तो बहुतेक घरातला असतो. २०१६च्याच कायद्याच्या कलम ९२ मध्ये ६ महिने ते ५ वर्षं शिक्षा आहे. चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणं त्यात येतं. ज्याच्या ताब्यात माणूस आहे त्याने जाणूनबुजून अन्नपाणी तोडणं येतं. आणि हे नीट ऐका, मुद्दाम कुबडी मोडणं, श्रवणयंत्र काढून घेणं, हेही येतं. दिव्यांगावर हिंसा किंवा शोषण होत असेल तर शेजाऱ्यालाही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे व्यवहारात तहसीलदार किंवा प्रांतांकडे, माहिती देता येते. पोलिसांकडेही जाता येतंच.

तक्रार कुठे करायची? सरकारी कार्यालय असेल तर तिथे तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा. त्याने २ आठवड्यांत चौकशी करायची असते. तो कोण आहे हे विचारल्यावर कार्यालयात सगळे एकमेकांकडे बघतात, हा माझा नेहमीचा अनुभव. विचारायचंच, आणि लेखी विचारायचं. तिथे भागलं नाही तर जिल्हास्तरीय समिती. त्याच्या वर आपल्या राज्यासाठी पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. चौकशीसाठी साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं, असे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आयुक्तांना आहेत. पण त्यांची शिफारस ही शिफारसच असते. ती नाकारायची तर संबंधित खात्याला ३ महिन्यांत कारण कळवावं लागतं. मला हे अपुरं वाटतं. तरी उच्च न्यायालयात जाताना हातात आयुक्तांची शिफारस आणि खात्याचं कारण असेल, तर अर्धी लढाई झालेली असते.

इमारती आणि वेबसाइट यांचंही चित्र हलतंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुडी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचा, म्हणजे या गोष्टी दिव्यांगांना वापरता याव्यात यासाठीचा, नियमच बेकायदा ठरवला, कारण तो नुसत्या मार्गदर्शक सूचनांसारखा होता, सक्ती कुठे नव्हती. एप्रिल २०२५ मध्ये प्रज्ञा प्रसून यांच्या खटल्यात ऑनलाइन केवायसीचा प्रश्न आला. ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्या बाईंना ॲप सांगतं, पापण्या मिटून उघडा. न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. मोबाइलवर असं कुठे अडलात तर स्क्रीनशॉट ठेवा. तो पुरावा आहे.

शेवटी फीचं. वकील परवडत नाही हे मला रोज ऐकू येतं. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते, आणि फोन करायचा तर १५१००. तिथे फॉर्म भरताना कुणी उत्पन्नाचा दाखला मागितला, तर तलाठ्याकडे धावू नका. कलम १२चा ‘ड’ दाखवा, तिथेच उभं राहा, आणि फॉर्म घ्यायला लावा.