नीलच्या पुतळ्याला दहा वर्षं लागली

मित्रहो,

पुतळे हटवावेत की ठेवावेत, हा विषय निघाला की हल्ली आपण थेट २०२० सालात जातो. इंग्लंडातलं ब्रिस्टल, अमेरिकेतलं रिचमंड, तिकडची पुतळे पाडतानाची ती दृश्यं. जणू हा प्रश्न जगाला तेव्हाच पहिल्यांदा पडला. मी आज सुरुवात मद्रासपासून करणार आहे, कारण हा वाद आपल्या देशात जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी घातला गेला आणि माझ्या मते आजच्यापेक्षा पुष्कळ चांगला घातला गेला.

जेम्स नील हा मद्रास फ्युजिलियर्स या पलटणीचा अधिकारी. १८५७ च्या जूनमध्ये तो अलाहाबादला पोचला आणि तिथं त्याने जे केलं त्याला लढाई म्हणता येत नाही. गावंच्या गावं जाळली. चौकशीचा देखावाही न करता माणसं झाडांना लटकवली. पुढे जुलैत तो कानपूरला आला. कानपूरशी आपला, मराठी माणसांचा, थेट संबंध आहे. ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला, राहणारे नानासाहेब पेशवे तिथल्या उठावाचे पुढारी होते. तिथल्या बीबीघर नावाच्या इमारतीत कैदेत ठेवलेल्या सुमारे दोनशे इंग्रज बायका-मुलांची कत्तल झाली. हा आदेश नेमका कुणी दिला यावर इतिहासकार अजून भांडतात, पण कत्तल आपल्या बाजूने झाली, हे आपण पुष्कळदा गिळून टाकतो. आज पुतळ्यांबद्दल बोलायचं तर तेही उघड बोललं पाहिजे.

नीलने त्याचा सूड घेतला. पकडलेल्या माणसांना बीबीघरात नेऊन, फरशीवरच्या वाळलेल्या रक्ताचा काही भाग साफ करायला लावायचा आणि मग फाशी द्यायची, असा त्याचा लेखी हुकूम होता. चाटायला लावल्याच्याही हकीकती आहेत. ज्यांना फाशी दिलं त्यांचा त्या कत्तलीशी संबंध होता की नाही, हे पाहायला त्याला सवड नव्हती. सप्टेंबरात लखनौच्या लढाईत तो स्वतः मेला, आणि काही वर्षांतच मद्रासच्या माउंट रोडवर त्याचा पुतळा उभा राहिला. मॅथ्यू नोबल नावाच्या लंडनच्या शिल्पकाराने घडवलेला. बंगालमधल्या बंडाचा लोंढा पहिल्यांदा अडवणारा वीर, अशा अर्थाचा मजकूर चौथऱ्यावर होता. अलाहाबादच्या झाडांबद्दल त्यावर अक्षर नव्हतं.

हे नीट लक्षात घ्या, कारण 'पुतळा काढला तर इतिहास पुसला जाईल' हे वाक्य आपण रोज ऐकतो. चळवळ सुरू होईपर्यंत माउंट रोडवर तो पुतळा साठ-पासष्ट वर्षं उभा होता. ट्रामने जाणाऱ्या-येणाऱ्या लाखो माणसांना त्याने नीलबद्दल काय सांगितलं? हा मोठा माणूस होता, मान वर करून बघा, एवढंच. नीलने काय केलं हे तमिळ मुलखातल्या साध्या माणसाला कळलं ते १९२७ मध्ये, पुतळा हलवण्याची चळवळ सुरू झाली तेव्हा.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये दक्षिणेकडच्या जिल्ह्यांतून आलेले स्वयंसेवक हातोडा आणि कुऱ्हाड घेऊन पुतळ्याशी गेले. दिवसा गेले. घाव घातले, पोलिसांनी धरलं तेव्हा पळाले नाहीत. पुढे तुकड्या येत राहिल्या आणि तुरुंगात जात राहिल्या. तिरुनेलवेलीचे सोमयाजुलू पुढारी होते. विशी-पंचविशीतले कामराज, जे पुढे मद्रासचे मुख्यमंत्री झाले, ते या चळवळीत होते. कडलूरच्या अंजलै अम्माळ आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन सत्याग्रहात उतरल्या आणि तुरुंगात गेल्या. त्या मुलीचं नाव अम्माकण्णू. गांधीजींनी पुढे तिचं नाव लीलावती ठेवलं आणि तिला आपल्या आश्रमात नेलं.

गांधीजी त्याच सुमारास मद्रासला आले होते. त्यांनी अहिंसेची अट घालून या सत्याग्रहाला पाठिंबा दिला आणि 'यंग इंडिया'त त्यावर लिहिलं. काँग्रेसमधल्या बऱ्याच जणांना ही चळवळ पोरकट वाटत होती. स्वराज्य मिळायचंय आणि तुम्ही दगडाच्या माणसाशी काय भांडताय, असा त्यांचा सूर. हा आक्षेप आजही जसाच्या तसा ऐकू येतो: भाकरीचे प्रश्न सोडून पुतळे कसले घेऊन बसलात? मला तो पटत नाही. रस्त्यावर कुणाला उंच बसवायचं हे ठरवणं म्हणजे ही जागा कुणाची आहे हे ठरवणं. भाकरीचं भांडणही शेवटी तिथंच येतं.

मद्रासच्या कायदे कौन्सिलात पुतळा हलवण्याचा ठराव आला आणि पडला. सायमन कमिशन आलं, देशाचं लक्ष तिकडे गेलं, चळवळ मंदावली. १९३७ मध्ये निवडून आलेलं राजाजींचं मंत्रिमंडळ बसलं. मद्रास महापालिकेने ठराव केला आणि नील माउंट रोडवरून सरकारी वस्तुसंग्रहालयात गेला. कुणी त्याला फोडून समुद्रात टाकलं नाही. दहा वर्षं लागली. मी ती दहा वर्षं वाया गेली असं मानत नाही. त्या दहा वर्षांत एका प्रांताने १८५७ चा धडा स्वतः वाचून काढला, सरकारी पुस्तकाशिवाय.

याच्या आधी, १९२० च्या आसपास, लाहोरला असाच वाद झाला होता. तिथं जॉन लॉरेन्स या पंजाबच्या इंग्रज कारभाऱ्याचा पुतळा होता, एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात लेखणी. कशाने राज्य करून घेता, लेखणीने की तलवारीने, असा प्रश्न चौथऱ्यावर कोरलेला. लोक चिडले, नगरपालिकेने हलवायचा ठराव केला, सरकार आडवं आलं आणि शेवटी फक्त मजकूर बदलला. मूळ अपमान तसाच उभा ठेवून पाटी सौम्य करायची, ही युक्ती तेव्हापासूनची आहे.

तीच युक्ती ब्रिस्टलमध्ये अंगाशी आली. एडवर्ड कोल्स्टन हा सतराव्या शतकातला व्यापारी. तो ज्या रॉयल आफ्रिकन कंपनीत होता, तिने त्याच्या काळात सुमारे ८४ हजार आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून जहाजांत भरली. त्यातली १९ हजारांच्या आसपास वाटेतच मेली. त्याने शहरात शाळा आणि धर्मादाय संस्था काढल्या म्हणून १८९५ मध्ये, मृत्यूनंतर १७४ वर्षांनी, त्याचा पुतळा उभारला. पुतळ्याबद्दल तक्रारी वर्षानुवर्षं चालू होत्या. निदान गुलामांचा उल्लेख करणारी दुसरी पाटी लावू, असं ठरलं. मग पाटीच्या शब्दांवरून ओढाताण सुरू झाली, मजकूर पातळ होत गेला, इतका की २०१९ मध्ये महापौर मार्विन रीस यांनी तो नाकारला. पाटी लागलीच नाही. ७ जून २०२० ला जमावाने पुतळा दोरांनी ओढून पाडला आणि बंदरात ढकलला. खटला चाललेल्या चौघांना २०२२ च्या जानेवारीत ज्यूरीने निर्दोष ठरवलं.

त्या जमावाला मी दोष देणार नाही. सभ्य मार्ग वर्षानुवर्षं बंद ठेवायचे आणि मग लोक असभ्य झाले म्हणून नाक मुरडायचं, हे न्याय्य नाही. पण त्या शहराची खरी कामगिरी मला पुढची वाटते. पुतळा पाण्यातून काढला आणि अंगावरचा रंग, ओरखडे तसेच ठेवून संग्रहालयात आडवा मांडला. लोकांना विचारलं. सुमारे १४ हजार जणांनी मत दिलं, आणि त्यातल्या ब्रिस्टलकरांपैकी दर पाचांतले चार म्हणाले, हा संग्रहालयातच असावा. आज तिथं जाणाऱ्याला १८९५ ही दिसतं आणि २०२० ही.

आता आपल्याकडे येऊ. ज्या मॅथ्यू नोबलने नील घडवला, त्यानेच मुंबईतला व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा घडवला होता. १८९६ मध्ये दामोदर हरी चापेकरांनी त्याला डांबर फासलं आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. हे रात्री, चोरून केलेलं काम होतं, आणि मी ते कमी लेखत नाही. चापेकरांच्या हातात ठराव नव्हता, मत नव्हतं. राणीच्या राज्यात राणीचा पुतळा हलवा म्हणायला कुठलंच दार नव्हतं. कानपूरलाही, बीबीघरातले मृतदेह ज्या विहिरीत टाकले तिच्यावरचा संगमरवरी देवदूत स्वातंत्र्यानंतर चर्चच्या आवारात गेला. जिथं शोक करणाऱ्यांना तो हवा आहे तिथं तो आहे, आणि जुन्या जागेवरच्या नानाराव पार्कात तात्या टोपे आहेत. इतकी समजूतदार वाटणी फार थोड्या ठिकाणी झाली.

आणि स्वतंत्र देशात, आपल्या पुण्यात काय झालं? २०१० च्या डिसेंबरात लाल महालातला दादोजी कोंडदेवांचा पुतळा हटवला. महापालिकेने ठराव केला होता, हे मान्य. दादोजी शिवरायांचे गुरू होते का, यावर अभ्यासकांचं मत विचारणं रास्त होतं. मग तो पुतळा मध्यरात्रीनंतर, पोलीस बंदोबस्तात का काढावा लागला? ज्या ठरावावर तुमचा विश्वास आहे तो दुपारी बारा वाजता अमलात आणता यायला हवा. पुढे ३ जानेवारी २०१७ च्या पहाटे संभाजी उद्यानातला राम गणेश गडकरींचा पुतळा उखडून मुठेत टाकला गेला. कारण 'राजसंन्यास' या अपुऱ्या राहिलेल्या नाटकातलं संभाजी महाराजांचं चित्रण. त्या चित्रणावर आक्षेप घेण्याचा अधिकार कुणालाही आहे. मलाही त्यातले काही उल्लेख खटकतात. पण तो पुतळा त्या उल्लेखांसाठी उभारलेला नव्हता. 'एकच प्याला' लिहिणाऱ्या, मराठी भाषा नव्याने घडवणाऱ्या माणसाचा होता तो.

मला इथं एक फरक महत्त्वाचा वाटतो. नीलचा पुतळा त्याच्या क्रौर्यासाठीच उभारला होता. त्याला शौर्य म्हणून. ती कृत्यं वजा केली तर पुतळ्याला कारणच उरत नाही. गडकरींच्या बाबतीत आक्षेपाची गोष्ट वजा केली तरी कारण जसंच्या तसं उरतं. कोल्स्टन मधला आहे: कारण दानधर्माचं, पण दानाचा पैसा कुठून आला हे लपवलेलं. अशा मधल्या माणसांसाठीच वाद लागतो, आणि वादाला वेळ लागतो. ज्यांना वेळ नको असतो ते पहाटे येतात.

पुण्यात २०१७ मध्ये महापालिका होती, न्यायालय होतं, वर्तमानपत्रं होती, नाट्यपरिषद होती. चापेकरांना जे नव्हतं ते सगळं होतं. उद्यानात दिवसा बसून 'राजसंन्यास'मधले ते उतारे मोठ्याने वाचून दाखवले असते, आणि का काढा म्हणतो ते सांगितलं असतं, तर मी ऐकायला आलो असतो. कदाचित विरोधात बोललो असतो. शहराने संभाजी महाराजांचं खरं चरित्रही त्या निमित्ताने वाचलं असतं. त्यातलं काही झालं नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती सगळ्याच बाजूंना आहे. सार्वजनिक जागेतला कुठलाही पुतळा उभारायचा किंवा हलवायचा, तर प्रस्ताव आधी छापा, हरकती मागवा, अभ्यासकांची साक्ष उघड्या सभेत घ्या, सभेचा वृत्तान्त जपा आणि काम दिवसा करा. हललेला पुतळा गोदामात सडवू नका. मुंबईची व्हिक्टोरिया आज भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. तिच्याशेजारच्या पाटीवर नोबलचं नाव जितक्या मोठ्या अक्षरांत असेल, तितक्याच मोठ्या अक्षरांत दामोदर हरी चापेकर हे नाव आणि १८९६ हे साल हवं. महापालिकेला तसं पत्र द्यायचं मी ठरवलंय, आणि सभा संपल्यावर ज्यांना सही करायची असेल त्यांच्यासाठी ते इथं टेबलावर ठेवलेलं आहे.