ठिय्यावर दहा वाजता

[दृश्य : नागपुरातला एक चौक. सायकलींना अडकवलेले डबे, थाप्या, घमेली.]

मे महिना. सकाळी आठलाच ऊन चटके देतंय. ठिय्यावर, म्हणजे रोजच्या कामाची वाट बघत मजूर थांबतात त्या जागी, गवंडी, रंगारी, रेजा म्हणजे बांधकामावरच्या मजूर बायका उभ्या आहेत. ठेकेदार येतो, गाडी बंद न करताच रोजी सांगतो. आठला मजूर घासाघीस करतो. नऊनंतर त्याचा आवाज खाली येतो. दहाला जे उरतात, ते मिळेल त्या रोजीवर जातात, नाहीतर भरलेला डबा घेऊन घरी.

प्रत्येकाच्या खात्यात दरमहा काही रक्कम, अट न घालता, जमा झाली तर? लगेच उत्तर येतं : लोक आळशी होतील, कामाला माणूस मिळणार नाही. घरभाड्यावर आणि व्याजावर जगणाऱ्याला मात्र हे कुणी ऐकवत नाही. मला ते खुपतं.

[दृश्य : गांधीसागर तलाव, एम्प्रेस मिलच्या जागेवरचा मॉल.]

मजुराच्या आळसाची तक्रार या शहरात जुनी आहे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली. कामगार वरचेवर गैरहजर राहायचे. दंड लावणं सोपं होतं. पण मिलने १८८६ मध्ये पेन्शन फंड सुरू केला, १८९५ पासून अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात केली. उद्याची थोडी शाश्वती असली की माणूस कामावर टिकतो, हे ज्या मिलने ओळखलं तिच्या जागेवर आज सरकते जिने आहेत.

[दृश्य : शेत, विहीर, शेळ्या.]

शेजारच्या मध्य प्रदेशात, इंदूरकडच्या काही गावांत, २०११ पासून ‘सेवा’ या कष्टकरी महिलांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने अट न घालता दरमहा पैसे देण्याचा प्रयोग करून पाहिला. सुरुवातीला मोठ्या माणसाला महिन्याला २०० रुपये, मुलामागे १००. लोक घरी बसले नाहीत. दुसऱ्याच्या बांधावर राबणारे स्वतःच्या तुकड्याकडे वळले, बियाणं घेतलं, जनावरं घेतली. काम तेच, धनी बदलला. मजूर मिळत नाही म्हणून कुरकुरणाऱ्याला नेमकं हेच सलत असेल.

महाराष्ट्राने आधी दुसरी वाट धरली होती. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर माणसं खडी फोडत होती; १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. मागेल त्याला काम. मग जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीचे महिन्याला दीड हजार, काम न मागता. पण वयाची अट, उत्पन्नाची अट. सगळ्यांना सरसकट, असं अजून कुठलंच नाही.

[दृश्य : पुन्हा ठिय्या. घमेलं उलटं ठेवून त्यावर बसलेली एक रेजा.]

“मावशी, पैसे यायला लागल्यावर काम सोडावंसं वाटलं?”

“पंधराशेत काय होते, भाऊ? सिलिंडर आनलं, पोराच्या वह्या आनल्या, संपले. घरी बसून कोन खाऊ घालते?”

थोडा वेळ ती रस्त्याकडे बघते.

“पन एक सांगू? मागच्या महिन्यात एक ठेकेदार पन्नास रुपये कमी देतो म्हने. मी म्हनलं, जा. पहिल्यांदा म्हनलं असं.”

पावणेदहा. एक गाडी थांबते. मावशी उठते, पदर खोचते, आधी रोजी विचारते. मग घमेलं उचलते.