कलम २६३ आणि फीची पावती

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या थप्पीत प्राप्तिकराचे एक जाडजूड पुस्तक हाती लागते. बांधणी शाबूत आहे, कलम १३९ खाली कुणीतरी पेन्सिलीने दोनदा रेघ ओढली आहे, समासात ‘हमखास येणार’ असे लिहिले आहे आणि दुकानदार ते निम्म्याहून कमी किमतीत द्यायला तयार आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने असे पुस्तक घेतले असते तर त्याचे चार पैसे वाचले असते. करविषयाच्या विद्यार्थ्याला मात्र हे पुस्तक फुकट मिळाले तरी महागच पडेल, कारण १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमाच्या जागी २०२५ चा नवा अधिनियम लागू आहे. विवरणपत्र भरण्याची जी तरतूद करसल्लागारांच्या तोंडी कायम ‘एकशे एकोणचाळीस’ होती, ती नव्या अधिनियमात कलम २६३ मध्ये गेली आहे. गंमत अशी की जुन्या कायद्यातले २६३ हे आयुक्तांच्या पुनरीक्षणाचे, म्हणजे खालच्या अधिकाऱ्याचा आदेश पुन्हा तपासण्याचे, कलम होते आणि त्याची नोटीस हाती पडली की भल्याभल्यांच्या कपाळाला आठी पडत असे.

करविषयक अभ्यासक्रम निवडताना फीच्या आधी अभ्यासक्रमाची छापील प्रत का मागावी, याचे कारण या एका आकड्यात आहे. प्राचार्यांच्या दालनात बसून ‘दर्जा कसा आहे’ असे विचारले, तर उत्तर चांगलेच मिळणार. त्याऐवजी गुंतवणुकीवर वजावट देणारे जुने कलम मनात धरून ‘८०सी आता कुठे शिकवता’ असे विचारावे. ‘कलम १२३ मध्ये’ असे उत्तर सहज आले, तर शिकवणाऱ्याने नवा कायदा उघडून पाहिला आहे एवढे तरी समजते. पण जुना कायदा पूर्णपणे वगळणारा अभ्यासक्रमही लंगडाच म्हणावा लागेल, कारण ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाला १९६१ चाच अधिनियम लागतो आणि त्याची निर्धारणे व अपिले पुढची अनेक वर्षे चालणार आहेत. वस्तू व सेवा कराची (जीएसटीची) गोष्टही वेगळी नाही. २२ सप्टेंबर २०२५ रोजी १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांशी मोडीत निघाले, तरी जुन्या टप्प्यांवरची उदाहरणे झेरॉक्सच्या नोट्समधून अजूनही हातोहाती फिरत असतात.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे आणि प्रवेशाच्या गर्दीत तो सहसा कुणी विचारत नाही: हे प्रमाणपत्र हाती आल्यावर कायद्याने मला काय करता येईल? कर लेखापरीक्षणाच्या अहवालावर सही सनदी लेखापालाचीच लागते. तिथे कोणताही डिप्लोमा चालत नाही. जीएसटी प्रॅक्टिशनर, म्हणजे व्यापाऱ्यांची जीएसटी विवरणपत्रे भरून देणारा, म्हणून नोंदणी करायची असेल, तर वाणिज्य, कायदा, बँकिंग किंवा व्यवसाय व्यवस्थापन अशा ठरावीक शाखांची पदवी हा तिथला सर्वसाधारण दरवाजा आहे. म्हणजे बारावीनंतर सहा महिन्यांचा ‘टॅक्स एक्स्पर्ट’ कोर्स करून थेट स्वतःची पाटी लावण्याचे स्वप्न दाखवणारा फ्लेक्स बोर्ड अर्धवट सत्य सांगतो. असा कोर्स निरुपयोगी असतो असे नाही, कारण टॅली आणि बिलांच्या नोंदी शिकवणारा चांगला क्लास नोकरीच्या पहिल्या महिन्यात उपयोगी पडतो. मात्र त्याने पदवीची जागा घेता येत नाही.

मग परवडणारी वाट कोणती? बारावी झालेल्या मुलामुलींसाठी अनुदानित महाविद्यालयातील साधे बी.कॉम. आजही स्वस्तातली वाट आहे. मुंबईत त्याच इमारतीत, कधी त्याच मजल्यावर, अकाउंटिंग अँड फायनान्सचे बी.कॉम. विनाअनुदानित तत्त्वावर चालते आणि त्याची फी कितीतरी पटींनी जास्त असते. त्यात कराचे आणि लेखाशास्त्राचे विषय अधिक असतात, हे खरे आहे. पण ज्याला पदवीनंतर कराकडेच वळायचे आहे, त्याने साधी पदवी घेऊन वाचलेले पैसे पुढच्या वर्षासाठी राखून ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. पुण्यात हे पुढचे वर्ष ‘डीटीएल’ या नावाने ओळखले जाते. हा पुणे विद्यापीठाचा करविषयक कायद्यांचा डिप्लोमा असून तो आयएलएस विधी महाविद्यालयासारख्या संस्थांत शिकवला जातो. विद्यापीठाची परीक्षा आणि विद्यापीठाचे प्रमाणपत्र, या दोन गोष्टी खासगी अकादमीच्या चकचकीत पुस्तिकेत सापडत नाहीत. दूरशिक्षणाने शिकायचे असेल, तर त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला त्या वर्षासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का, हे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत स्वतः पाहावे. विद्यापीठाला मान्यता आहे, एवढे उत्तर पुरेसे नाही.

फीचा हिशेब मांडताना पावतीवरचा पहिला आकडा फसवा असतो. पात्रता शुल्क, परीक्षा शुल्क, ग्रंथालयाची अनामत, दर अर्थसंकल्पानंतर नव्याने घ्यावे लागणारे पुस्तक आणि एस.टी.चा किंवा लोकलचा पास, हे सगळे त्याच कागदावर लिहून मगच दोन महाविद्यालयांची तुलना करावी. प्रवेश रद्द करावा लागला, तर फी परत करण्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आहेत आणि मूळ गुणपत्रिका अडवून ठेवायला आयोगाची मनाई आहे. खासगी क्लास या नियमांच्या कक्षेत येत नाही. तिथे पावतीच्या मागे बारीक टायपात जे छापलेले असते, ते पैसे भरण्याआधी वाचावे.

शेवटी, शिकवताना विद्यार्थ्याच्या हाती काय दिले जाते, हे पाहायला एखाद्या वर्गाच्या मागच्या बाकावर अर्धा तास बसण्याची परवानगी मागावी. एका व्यापाऱ्याने ५०,००० रुपयांचा माल १८ टक्के कराने घेतला आणि ९,००० रुपये कर भरला, इतके गणित फळ्यावर कुणीही सोडवेल. पण माल विकणाऱ्याने ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखवलेच नाही, म्हणून खरेदीदाराच्या ‘जीएसटीआर-२बी’मध्ये, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांच्या आपोआप तयार होणाऱ्या यादीत, ते आले नाही आणि त्या ९,००० रुपयांची, खरेदीवर भरलेला कर पुढच्या करातून वळता करण्याची, वजावट अडकली, तर काय करायचे? ज्या वर्गात शिक्षक खरेदीची नोंदवही आणि २बीची छापील प्रत शेजारी शेजारी ठेवून मुलांना लाल पेनाने एकेक बिल जुळवायला लावतात, आणि न जुळलेल्या बिलासाठी पुरवठादाराला पाठवायच्या पत्राचा मसुदा लिहून घेतात, त्या वर्गाचे छत गळत असले आणि बाके जुनी असली, तरी तिथला प्रवेश अर्ज घेऊनच बाहेर पडावे.