कमी शिक्षेविरुद्ध अपील कोणी करायचं?

(दृश्य: पहाटेचा रिकामा रस्ता, पदपथ)

१२ नोव्हेंबर २००६. मुंबई, वांद्र्याचा कार्टर रोड. रस्त्याच्या कामावरचे मजूर पदपथावर झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास एक भरधाव कार त्यांच्या अंगावरून गेली. सात जण ठार, आठ जखमी. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के दारू निघाली.

एप्रिल २००७ मध्ये सत्र न्यायालयाचा निकाल लागला. सहा महिने साधी कैद आणि पाच लाख रुपये दंड.

असं का झालं, हे कळायला शिक्षेआधी कलम बघावं लागतं. आरोपीला दोषी धरलं होतं ते भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ खाली, म्हणजे हयगयीने मृत्यू. कमाल शिक्षा दोन वर्षं होती, आणि नुसत्या दंडावरही सुटता येत होतं. हे कलम १८७० सालचं, मोटार अजून जन्मायची होती. त्याच्या शेजारी कलम ३०४ भाग दोन, सदोष मनुष्यवध. तिथे दहा वर्षांपर्यंत कैद. दोन्हींच्या मध्ये उभा आहे तो एकच प्रश्न : आपल्या हातून कुणाचा जीव जाऊ शकतो, याची चालकाला जाणीव होती का?

(दृश्य: कोर्टाची फाईल, पानं उलटणारे हात)

डोक्यातली जाणीव कागदावर कशी आणायची? पंचनाम्यात टायरच्या घसरणीची लांबी असते, टेपने मोजलेली. रक्ताच्या बाटलीवरचं सील आणि तारीख असते. मोटार वाहन निरीक्षकाचा अहवाल असतो. त्यात ‘ब्रेक सुस्थितीत’ एवढी ओळ आली, की ब्रेक निकामी झाल्याचा बचाव तिथेच मोडतो. अपिलात सहसा नवा साक्षीदार उभा राहत नाही. वरचं कोर्ट हेच कागद पुन्हा वाचतं, आणि कधी कधी वेगळं वाचतं.

कार्टर रोडच्या बाबतीत तसंच झालं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. पदपथावर माणसं झोपलेली आहेत हे ठाऊक असून, दारू पिऊन, वेगात गाडी चालवली. मग ही नुसती हयगय कशी? सप्टेंबर २००७ मध्ये कलम बदललं, भाग दोन लागला. तीन वर्षं सक्तमजुरी.

आरोपी सर्वोच्च न्यायालयात गेला. जानेवारी २०१२ मध्ये त्याचं अपील फेटाळलं गेलं. न्यायालयाने इतकंही नोंदवलं, की तीन वर्षांची शिक्षा फारच तुटपुंजी आहे. पण ती वाढवली नाही. कारण शिक्षा वाढवा म्हणून राज्य सरकारने सर्वोच्च न्यायालयात अपीलच केलं नव्हतं.

(दृश्य: न्यायालयाच्या पायऱ्या)

इथे जरा थांबू या. शिक्षा कमी वाटली, तर अपिलाचा हक्क सरकारचा. फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या २००९ च्या दुरुस्तीनंतर मृताच्या कुटुंबालाही अपील करता येतं, पण ते आरोपी सुटला तर, सौम्य कलम लागलं तर, किंवा भरपाई अपुरी मिळाली तर. शिक्षा कमी झाली, या कारणावर नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्टच सांगितलं. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांच्यासाठी नेमकं हेच दार बंद असावं, हे मला तरी पटत नाही.

शिक्षा खाली आणायची वाट मात्र रुळलेली आहे. पंजाबातल्या एका अपघातात दोघांचा जीव गेला होता. खालच्या कोर्टाने एक वर्षाची कैद दिली. मृतांच्या नातेवाइकांना भरपाई दिलीय, असं म्हणत उच्च न्यायालयाने ती भोगलेल्या २४ दिवसांवर आणली. या वेळी सरकार अपिलात गेलं, म्हणून २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सहा महिन्यांची शिक्षा देता आली. ३०४-अ च्या शिक्षेचा फेरविचार करा, असंही न्यायालयाने कायदेमंडळाला सुचवलं.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. ३०४-अ च्या जागी आलेल्या कलम १०६ मध्ये दोन वर्षांची पाच झाली. अपघात करून, पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद, असं पोटकलमही छापलं गेलं. पण त्याआधीच, जानेवारी २०२४ मध्ये, ट्रकचालकांनी देशभर चाकं थांबवली होती. इतर कलमं लागू झाली तेव्हा हे पोटकलम बाजूला ठेवलं गेलं.

कुटुंबाच्या अपिलाची मर्यादा मात्र नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही तशीच उतरली आहे. शिक्षा कमी वाटली तर आजही आधी सरकारकडे अर्ज करायचा : साहेब, तुम्ही अपील करा.