कोकणात घर बांधताय? आधी पावसाचं बघा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात हल्ली वाडीवाडीत चाकरमान्यांची नवी घरं उभी राहतायत, आणि त्यातली बरीचशी मोबाईलवर बघून ठरवलेली. सपाट स्लॅब, पुढे मोठी काच, छज्जा नावापुरता. दिसतं भारीच. पण रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो ओ, आणि तो काही सरळ पडत नाही, नैऋत्येकडून आडवा झोडपतो.

हा स्लॅब बघा. काही पावसाळे गेले की कोपऱ्यात ओल धरते, मग वॉटरप्रूफिंग, दोन वर्षांनी परत तेच, आणि शेवटी वैतागून वर अँगल ठोकून पत्र्याची शेड घालतात. घालायचीच आहे तर आधीच प्लॅनमध्ये घ्या ना! उतरतं छप्पर, भिंतीपासून दोन-अडीच फूट लांब पडणाऱ्या पागोळ्या, खिडक्यांवर रुंद छज्जे, पावसाच्या अंगाला पडवी. एलिव्हेशनच्या, म्हणजे दर्शनी बाजूच्या काचेचे पैसे इथे घाला. चिरा, म्हणजे जांभा दगड, उघडा ठेवायची हौस असेल तर पूर्वेच्या भिंतीवर भागवा, कारण चिरा पाणी पितो, पश्चिमेला प्लास्टर हवंच. आणि पन्हळ लावताय तर पाणी साठवायचंही बघा, हजार चौरस फुटांच्या छपरावर वर्षाला पावणेतीन लाख लिटरच्या आसपास पाणी पडतं आणि तेच गाव मेमध्ये टँकरची वाट बघत असतं.

आता आतलं. घर जूनपासून गणपतीपर्यंत बंद. दार उघडलं की कुबट वास, प्लायच्या वॉर्डरोबमध्ये पांढरी बुरशी, गादीला ओल. पीओपीचं फॉल्स सीलिंग तर इथे करूच नका, असं माझं स्पष्ट मत. त्यापेक्षा प्रत्येक खोलीत वरती जाळीचे झरोके ठेवा, समोरासमोर, म्हणजे कुलूप असलं तरी वारा खेळता राहतो.

वाळवीचं औषध जोत्याची भर दाबून झाल्यावर, कोबा करायच्या आधी मारतात. तेव्हा राहिलं तर नंतर लादीला भोकं पाडत बसावं लागतं. अर्थिंगचंही तसंच, कातळावर उन्हाळ्यात जमीन ठणठणीत कोरडी असते, तिथे उथळ खड्ड्यात पट्टी पुरून अर्थ मिळेलच असं नाही, म्हणून इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या. त्यात मे आणि ऑक्टोबरच्या विजा, अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून उपकरणं वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर बोर्डातच बसवा.

सोलर आत्ता नको असेल तर नको. ३ किलोवॅटला केंद्राची सबसिडी ७८,००० रुपयांपर्यंत आहे, पुढे घेऊ म्हणाल तरी हरकत नाही, फक्त छपरापासून मीटरपर्यंत वायरीसाठी एक रिकामा पाईप भिंतीत आत्ताच टाकून ठेवा. आणि प्लास्टर चढायच्या आधी प्रत्येक भिंतीला मोजायची टेप लावून फोटो काढा, म्हणजे आतले पाईप-वायरी कुठे आहेत ते नंतर कळतं; तुम्ही मुंबईत असाल तर गवंड्याला सांगा, तो व्हॉट्सॲपवर टाकेल.