२६ जानेवारीला झेंडा अडकतो तो गाठीमुळे! बांधायच्या आधी हे बघा

नमस्कार मंडळी, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून तुमचं स्वागत. जानेवारी लागला की इनबॉक्समध्ये एकच प्रश्न, दादा, आमचा झेंडा उघडतच नाही. चला, आज सांगूनच टाकतो. बाकी सगळं तुम्हाला येतंच, केशरी वर, माप ३:२, चक्राला २४ आरे, १५ ऑगस्टला झेंडा खालून वर चढवतात, २६ जानेवारीला तो घडी करून आधीच वर बांधलेला असतो आणि फक्त दोरी ओढायची. झालं.

आता गाठ. सुरगाठ मारायची, निरगाठ नाही. बुटाची लेस एक टोक ओढलं की सुटते ना, तश्शी. आणि जे टोक ओढल्यावर गाठ सुटते तेच पाहुण्यांच्या हातात आलं पाहिजे, दुसरं आलं तर ते जितकं ओढतील तितकी गाठ आवळत जाणार. आमच्या सोसायटीत एकदा हेच झालं, पाहुणे ओढतायत, बँडवाला राष्ट्रगीताची पहिली ओळ धरून थांबलाय, शेवटी वॉचमनचा पोरगा खांबावर चढला, आणि मागून एक काकू म्हणतात, "अहो, जरा जोरात ओढा!" काकू, जोरानंच तर बिघडतंय!

म्हणून वर चढवायच्या आधी छातीच्या उंचीवर एकदा ओढून बघा. सुटली? पुन्हा बांधा, मग वर न्या. एवढंही कोणी करत नाही राव.

आणि रात्री बांधून ठेवू नका! आपल्याकडचं जानेवारीतलं धुकं माहितीये ना, सुती दोरी दव पिते, फुगते, आणि चांगली सुरगाठसुद्धा सकाळी दगड होऊन बसते. सकाळीच बांधा, थंडी वाजली तरी.

पाकळ्या! एक जण दर वर्षी कमेंट टाकतो की आत फुलं घालणं नियमात बसत नाही. बसतं हो, २००२ च्या ध्वजसंहितेत राष्ट्रीय सणांना पाकळ्या ठेवायला हरकत नाही असं स्पष्ट लिहिलंय. पण मूठभर, आणि कोरड्या. किलोभर ओला झेंडू कोंबला तर कापड चिकटणारच.

कापडावरून आठवलं, २०२१ च्या शेवटी पॉलिएस्टरला परवानगी मिळाली, ठीक आहे, पण आयएसआय मार्कचे खादीचे तिरंगे बनवणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी एक, मध्य भारत खादी संघ, आपल्या गावात आहे आणि लोक सिग्नलवरून प्लॅस्टिकचे घेतात, जे संहितेत बसतच नाहीत! दुसऱ्या दिवशी ते नाल्यात दिसतात तेव्हा माझं डोकं फिरतं.

घरावरचा रात्री उतरवायचा का? जुलै २०२२ पासून दिवसरात्र ठेवता येतो. फाटला तर मात्र उतरवा.

आणि हा व्हिडिओ सोसायटीच्या अध्यक्षांना नका पाठवू, त्यांना नुसतं ओढायचंय. गाठ बांधणाऱ्याला पाठवा.