साईंच्या भावाचा पासपोर्ट

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या काही वर्षांत हाँगकाँगमधून दीड लाखाहून जास्त माणसं ब्रिटनला कायमची राहायला गेली. नोकरीधंद्यातली, खाऊनपिऊन सुखी माणसं. मुलांच्या शाळा सोडवल्या, म्हाताऱ्या आईवडिलांना मागे ठेवलं आणि निघाली. ब्रिटनने त्यांना नागरिकत्वाची वाट उघडून दिली म्हणून ती जाऊ शकली. ही वाट कशी उघडली, वेळेवर उघडली की उशिरा, यावर आज बोलणार आहे. बोलता बोलता उल्हासनगरलाही जाऊन यायचंय. ठाण्याहून कर्जत नाहीतर कसारा, कुठलीही गाडी पकडा, विठ्ठलवाडीला किंवा शहाडला उतरा.

आधी हाँगकाँगचं थोडक्यात. 1842 साली ते बेट इंग्रजांनी चीनकडून घेतलं. 1898 साली आजूबाजूचा मोठा मुलूख 99 वर्षांच्या पट्ट्याने घेतला. पट्टा म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. तो संपणार 1997 साली. म्हणून 1984मध्ये दोन्ही सरकारांनी करार केला की सगळं हाँगकाँग चीनला परत जाईल, पण तिथली कोर्टं, वर्तमानपत्रं, बोलण्याचं स्वातंत्र्य 50 वर्षं तसंच राहील. म्हणजे 2047पर्यंत. प्रत्यक्षात 2019मध्ये लाखो लोक रस्त्यावर आले, आणि 30 जून 2020ला बीजिंगने राष्ट्रीय सुरक्षेचा कायदा लागू केला. वर्षभरात ‘ॲपल डेली’ हे तिथलं खपाचं वर्तमानपत्र बंद पडलं. 50 वर्षांचा शब्द, तो 23 वर्षं टिकला.

आता एक मुद्दा कानात ठेवा, मी तो परत परत सांगणार आहे. पासपोर्ट वेगळा आणि राहण्याचा हक्क वेगळा. हाँगकाँगची माणसं ब्रिटिश प्रजा होती, पण 1981च्या कायद्याने त्यांचा ब्रिटनमध्ये राहायचा हक्क कागदावरूनही गेला. पुढे 1987पासून त्यांना ‘ब्रिटिश नॅशनल ओव्हरसीज’ नावाचा पासपोर्ट मिळायला लागला. गाडीच्या काचेवर सोसायटीचं स्टिकर आहे, पण आत पार्किंग नाही, असा प्रकार. घोडबंदर रोडवाल्या श्रोत्यांना हे लगेच समजेल. आणि गंमत बघा, फॉकलंड बेटं, तीही ब्रिटनच्याच ताब्यातली, जेमतेम दोन हजार वस्ती, त्यांना 1983मध्ये पूर्ण नागरिकत्व मिळालं. हाँगकाँगला नाही. कारण ते गोरे आणि थोडे, हे पिवळे आणि फार. असं कुणी लिहून ठेवत नाही, पण मी आपला बोलतो.

तर आता उल्हासनगर.

1996ची थंडी. माझ्या ताईचं लग्न ठरलं होतं आणि बस्ता बांधायला आम्ही कॅम्प नंबर दोनच्या कापडबाजारात गेलो. आई, मावशी, ताई, मी, आणि पैसे द्यायला बाबा. दुकानाच्या मालकांना सगळा बाजार ‘साईं’ म्हणायचा, आम्हीही साईं म्हणायचो. सत्तरीचे असतील. सिंधमधल्या हैदराबादचे. 1948च्या सुरुवातीला कराचीहून बोटीने मुंबईला आणि तिथून आगगाडीने कल्याणच्या कॅम्पात. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या त्या बराकी. एका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून अनेक कुटुंबं. त्याच छावणीला 8 ऑगस्ट 1949ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगर हे नाव मिळालं. लोक अजून ‘कॅम्प नंबर चार’, ‘कॅम्प नंबर पाच’च म्हणतात. (आणि ते ‘मेड इन यूएसए, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद आता पुरे झाला. हातात काही नसताना ज्यांनी कारखाने काढले त्यांची चेष्टा आपण दोन पिढ्या केली, आणि जीन्स मात्र तिथल्याच घातल्या.)

त्या दिवशी गल्ल्याशेजारी साईंचे थोरले भाऊ बसले होते. सूट, टाय, केसांना तेल. फाळणीच्या आधीच एका सिंधी व्यापाऱ्याच्या पेढीवर नोकरीला म्हणून ते हाँगकाँगला गेले आणि तिथेच राहिले. कौलूनमध्ये सूट शिवायचं स्वतःचं दुकान. पुतणीच्या लग्नाला आले होते. साईं हसत हसत सांगायला लागले, “हा माझा अदा, मोठा भाऊ. चाळीस वर्षं मला पत्रं पाठवतोय, वर राणीचं तिकीट. लिहायचा, तू बराकीत राहतोस, मी राणीच्या राज्यात राहतो.”

अदांनी खिशातून पासपोर्ट काढून काउंटरवर ठेवला. वर सोनेरी सिंह आणि शिंगवाला घोडा. आई शालूचा पदर बघत होती, बाबा पासपोर्ट बघायला लागले. आमचे बाबा कारकून. एसटीच्या तिकिटाची मागची बाजूसुद्धा वाचणारा माणूस.

“मग तुम्हाला काळजी नाही,” बाबा म्हणाले. “सत्त्याण्णव आलं की सरळ लंडन.”

“हो, जाणार ना. फिरायला.”

“आणि राहायला?”

अदा म्हणाले, “साहेब, तुम्ही वाचणारे दिसता. आतलं पान वाचा.”

बाबांनी चष्मा लावला. पैठण्यांच्या ढिगावर पासपोर्ट उघडा ठेवून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. धारकाला हाँगकाँगमध्ये राहण्याचा हक्क आहे. ब्रिटनला भेट देण्यासाठी व्हिसा लागणार नाही. ते ‘भेट देण्यासाठी’ वाचून बाबा थांबले. परत पहिल्यापासून वाचलं. मग म्हणाले, “अहो, हे तर पाहुण्याचं आहे.”

मावशी म्हणाली, “भावजी, शालू.”

पण बाबांना आता शालू दिसत नव्हता. त्यांनी एकेक प्रश्न विचारायला घेतला. चीनचे नागरिक होणार का? अदा म्हणाले, चीनच्या कायद्याने चिनी वंशाचे ते चिनी. आम्ही त्यात बसत नाही. मग भारताचे? ते तर ब्रिटिश प्रजा झाल्यापासून संपलं. आपला 1955चा नागरिकत्व कायदा, कलम 9: आपणहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं गेलं. दोन ठेवता येत नाहीत. मुलांचं काय? त्यांच्याकडेही हाच पासपोर्ट. 1997नंतर जन्मणाऱ्या नातवांचं? त्यांना त्याहून खालच्या दर्जाचा, ‘ब्रिटिश ओव्हरसीज सिटिझन’. आणि त्या नातवांची मुलं?

अदांनी दोन्ही हात उघडून दाखवले. काही नाही. कुठलाच देश नाही.

साईं इतका वेळ मीटरची पट्टी घेऊन उभे होते. ते म्हणाले, “मी इथे आलो तेव्हा खिशात अडीच रुपये. बराक गळायची. पाणी रांगेत. पण मी कुठला, हे मला कधी कुणी विचारलं नाही.”

साईं म्हणाले ते अगदी खरं आहे. राज्यघटनेचं कलम 6 बघा. 19 जुलै 1948च्या आधी पाकिस्तानातून इथे राहायला आलेला, स्वतः, आईवडील किंवा आजीआजोबा यांपैकी कुणी जुन्या हिंदुस्थानात जन्मलेलं, तो माणूस सरळ भारताचा नागरिक. त्यानंतर आलेल्यांना सहा महिने राहून नोंदणी करायला लागायची. शिक्षण किती, बँकेत किती, काही अट नव्हती. पासपोर्टसुद्धा नव्हता कित्येकांकडे. पासपोर्ट वेगळा, राहण्याचा हक्क वेगळा. साईंकडे पहिला नव्हता, दुसरा होता. अदांचं बरोबर उलटं.

शालू शेवटी मावशीने ठरवला. ताईला तो रंग आवडला नव्हता, ती अजून बोलून दाखवते.

पुढे काय झालं ते ऐका. हाँगकाँगमधल्या भारतीय आणि इतर अल्पसंख्याकांनी बरीच वर्षं खटपट चालवलेली होती. हस्तांतराला पाच महिने उरलेले असताना ब्रिटन सरकार नमलं आणि मार्च 1997मध्ये पार्लमेंटने कायदा केला: ज्यांना दुसरं कुठलंही नागरिकत्व नाही अशांना पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व. एक अट, 4 फेब्रुवारी 1997च्या आधी हाँगकाँगचे नेहमीचे रहिवासी असायला हवं. अदांना मिळालं, थोरल्या मुलाला मिळालं. धाकटा मुलगा धंद्यासाठी नायजेरियात लागोसला जाऊन राहिला होता. त्याची ‘नेहमीचा रहिवासी कोण’ यावर कागदपत्रांची लढाई सुरू झाली, लाइटबिलं गोळा करणं आलंच. तिथेही लाइटबिलच.

पुढच्या दिवाळीला बाबा पडद्याच्या कापडाचं निमित्त काढून परत साईंकडे गेले. पडदे आम्हाला नको होते. त्यांना फक्त विचारायचं होतं.

“मग, गेले का लंडनला?”

साईं म्हणाले, “छे. आता कशाला जाईल? म्हणतो, आता कधीही जाता येतं.”

श्रोतेहो, हाँगकाँगचा सगळा प्रश्न मला त्या एका उत्तरात दिसतो. जाता येतं म्हणून थांबता येतं. 1989मध्ये तियानानमेन चौकात गोळीबार झाला, त्यानंतर ब्रिटनने 1990मध्ये एक कायदा केला होता. 50,000 कुटुंबप्रमुखांना, त्यांच्या बायकामुलांसकट, पूर्ण नागरिकत्व. हेतू काय होता, माहितीये? ते निघून जाऊ नयेत हा. डॉक्टर, अधिकारी, उद्योजक यांच्या खिशात भरवशाचा कागद असला तर ते शहर सोडायची घाई करणार नाहीत. कल्पना शंभर टक्के बरोबर होती. चूक एवढीच की गुण मोजून, निवडून दिलं. शिक्षणाला इतके, अनुभवाला इतके. गुणांच्या यादीत टॅक्सीवाला कुठून बसणार?

शेजारच्या मकावचं उदाहरण घ्या. तिथे पोर्तुगालचं राज्य होतं, 1999मध्ये ते चीनला गेलं. पण 20 नोव्हेंबर 1981च्या आधी तिथे जन्मलेल्या सगळ्यांना, चिनी वंशाच्या लोकांनासुद्धा, पोर्तुगालने पूर्ण नागरिक मानलं. मकाव काही रिकामं झालं नाही. आपल्या गोव्याचंही तेच, 19 डिसेंबर 1961च्या आधी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना अजून तो हक्क मागता येतो. पोर्तुगीजांचं कौतुक करावं असं आपल्या ठाण्या-वसईच्या इतिहासात फार नाही, चिमाजी अप्पांनी त्यांना उगाच घालवलं नाही. पण या बाबतीत ते इंग्रजांपेक्षा सरळ वागले.

ब्रिटनने सगळ्या ‘ब्रिटिश नॅशनल ओव्हरसीज’ पासपोर्टवाल्यांना राहण्याची वाट दिली ती 31 जानेवारी 2021ला. पाच वर्षं राहा, मग कायमचा रहिवास, त्यानंतर वर्षाने नागरिकत्व. सरकारच्याच अंदाजाने 29 लाख लोक पात्र. चीनने त्याच दिवसापासून तो पासपोर्ट ओळखपत्र म्हणून मानायचं बंद केलं. व्हिसाची फी सुरुवातीला 250 पौंड होती, वर आरोग्याचा अधिभार वर्षाला दर मोठ्या माणसामागे 624 पौंड. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, हाँगकाँगचा जो सक्तीचा भविष्यनिर्वाह निधी आहे, आपल्या पीएफसारखा, तो कायमचं सोडून जाणाऱ्याला काढता येतो. पण या व्हिसावर गेलेल्यांना तो मिळत नाही. आयुष्यभराची शिल्लक तिकडे, माणूस इकडे. काही जण म्हणतात, धाडसी माणसं बाहेर नेली तर मागे आवाज करायला कोण उरणार? प्रश्न खोटा नाही. पण तो ब्रिटनमध्ये सोफ्यावर बसून विचारू नये. तुरुंगाच्या दारात उभ्या असलेल्याने तो विचारला तर मी ऐकेन.

2025मध्ये ब्रिटनने बाहेरून आलेल्यांसाठी पाच वर्षांची मुदत दहा करायचं काढलं, तेव्हा या लोकांची झोप उडाली. मग त्यांची पाचच राहतील असं सांगण्यात आलं. म्हणजे पुन्हा तेच, कुणीतरी सांगतंय म्हणून आहे.

आपलंही सगळं सोवळं नाही. तिबेटला 1951मध्ये चीनने 17 कलमांचा करार करून दिला होता, तुमची राज्यपद्धत बदलणार नाही म्हणून. आठ वर्षांत ल्हासात उठाव झाला, दलाई लामा मार्च 1959मध्ये भारतात आले. आपण त्यांच्या लोकांना जमीन दिली, शाळा दिल्या, हे मोठं काम. पण नागरिकत्व नाही. थंडीत शहराशहरांतून स्वेटर विकणाऱ्या त्या बाईच्या हातात दरवेळी नूतनीकरण करायचं नोंदणी प्रमाणपत्र असतं. 26 जानेवारी 1950 ते 1 जुलै 1987 या काळात भारतात जन्मलेले तिबेटी कायद्याने नागरिक आहेत, हेसुद्धा 2010मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जाऊन सिद्ध करायला लागलं.

जाता जाता उल्हासनगर, अंबरनाथ, कोपरीच्या श्रोत्यांना एक विनंती. आजोबांचा छावणीतल्या नोंदणीचा कागद, जुनं रेशनकार्ड घरात असेल तर सांभाळा. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. आतली शाई चिकटते, मागचा शिक्का वाचता येत नाही. साधी प्लॅस्टिकची पिशवी पुरते.

नमस्कार.